बँकेनं नाहक कापलेले पैसे परत कसे मागायचे

गेवराई तालुक्यातल्या आमच्या गावात दिवाळी झाली की निम्म्या घरांना कुलपं लागतात. माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यांवर जातात ती गुढीपाडव्याच्या आसपास परततात. तेवढे महिने बँकेतलं खातं तसंच पडून असतं. अशाच एका पाडव्याला शेजारच्या काकूंनी पासबुक भरून आणलं आणि माझ्यापुढं ठेवलं. १७७ रुपये, १७७ रुपये, असे पाच वेळा कापलेले. एकूण ८८५. "बँकेत इचारलं तर म्हणले, नियमानंच कापलेत," काकू म्हणाल्या. कोणत्या नियमानं, ते मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्या ८८५ पैकी ७०८ रुपये आम्ही परत मिळवले. वकील केला नाही, कुणाची ओळख काढली नाही. दोन अर्ज दिले आणि दोन्हींवर पोच घेतली. ज्याला खुरपणीची रोजंदारी माहीत आहे त्याला १७७ रुपये म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. म्हणून ही सगळी रीत क्रमानं लिहितो आहे.

पहिलं काम: पासबुक नीट वाचणं

निदान एक वर्षाच्या नोंदी भरून घ्या. पासबुक भरायचं यंत्र बंद असेल तर खिडकीवर खातेउतारा मागा. मग जिथं पैसे गेले पण तुम्ही काढले नाहीत, अशी प्रत्येक ओळ पेनानं खूण करून ठेवा. नोंदी इंग्रजीत आणि तोडक्या असतात. 'मिन बॅल' किंवा 'एएमबी' म्हणजे किमान शिलकीचा दंड. 'एएमसी' म्हणजे एटीएम कार्डाचा वार्षिक आकार. 'नॅच रिटर्न' म्हणजे हप्ता कापायला आला पण खात्यात पैसे नव्हते. 'पीएमएसबीवाय' आणि 'पीएमजेजेबीवाय' हे सरकारी विम्याचे हप्ते. अक्षरं कळली नाहीत तर घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या पोराला जवळ बसवा, पण अंदाजानं पुढं जाऊ नका.

रक्कम विचित्र वाटली तर तिच्यात जीएसटी दडलेला असतो. बँकेच्या आकारावर १८ टक्के जीएसटी लागतो. १५० रुपये दंड आणि २७ रुपये कर मिळून १७७ होतात. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

दुसरं काम: कापलेलं चूक आहे का, ते ठरवणं

इथं घाई करू नये. प्रत्येक कपात नाहक नसते. एटीएममधून मोफत मर्यादेपेक्षा जास्त वेळा पैसे काढले, हप्त्याच्या तारखेला खात्यात पैसे नव्हते, खातं उघडताना सही करून मान्य केलेला कार्डाचा आकार होता, तर बँकेची चूक नाही. अशा गोष्टी अर्जात घुसडल्या की खऱ्या तक्रारीचं वजनही कमी होतं.

किमान शिलकीचा दंड हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा त्रास. याबाबत रिझर्व्ह बँकेनं २० नोव्हेंबर २०१४ रोजी नियम काढले आणि ते १ एप्रिल २०१५ पासून लागू झाले. शिल्लक कमी पडली तर बँकेनं आधी मेसेज, ईमेल किंवा पत्रानं कळवायचं आणि शिल्लक भरायला एक महिना द्यायचा. त्यानंतरच दंड. दंडही जितके पैसे कमी पडले त्या प्रमाणात हवा. आणि केवळ या दंडापायी खातं उणे शिलकीत जाता कामा नये. काकूंच्या प्रकरणात कळीचा मुद्दा होता तो इथंच: बँकेचा एकही मेसेज त्यांच्या पाहण्यात आलेला नव्हता.

दोन वर्षं व्यवहार न झाल्यानं खातं निष्क्रिय ठरलं असेल तर त्यावर किमान शिलकीचा दंड लावताच येत नाही, आणि खातं पुन्हा सुरू करून द्यायलाही पैसे घेता येत नाहीत. हे १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. जनधन खातं किंवा मूळ बचत ठेव खातं असेल तर किमान शिलकीचा प्रश्नच येत नाही. कॅनरा, पंजाब नॅशनल, बडोदा, इंडियन अशा काही सरकारी बँकांनी २०२५ मध्ये बचत खात्यांवरचा हा दंड बंद केला, स्टेट बँकेनं तर २०२० मध्येच. तुमची बँक त्यांतली असेल तर कपातीची तारीख त्याच्या आधीची की नंतरची, हे आधी तपासा.

लाडक्या बहिणीचे ३००० जमा झाले आणि लगेच त्यातले काही गेले, हे २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडं घरोघरी झालं. जुना दंड बाकी म्हणून खात्यावर चढवून ठेवलेला असतो आणि पैसे आले की तो वळता होतो. तेव्हा राज्य सरकारनंही बँकांना हे पैसे कापू नका म्हणून सांगितलं होतं. असं झालं असेल तर हा दंड कोणकोणत्या महिन्यांचा आहे आणि त्या प्रत्येक महिन्याची सूचना कधी दिली, हे लेखी मागा.

एटीएमचं वेगळं आहे. आपल्या भागात दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार मोफत असतात, त्यापुढं १ मे २०२५ पासून जास्तीत जास्त २३ रुपये आणि वर कर. पण मशीनमध्ये पैसेच नव्हते, लाइन गेली किंवा पिन चुकला, तर तो व्यवहार मोजायचा नसतो. आणि खात्यातून पैसे वजा झाले पण हातात आले नाहीत, तर पाच दिवसांत ते परत जमा व्हायला हवेत. उशीर झाला तर रोजचे १०० रुपये भरपाई, तीही न मागता. यूपीआयनं दुसऱ्याच्या खात्यात पाठवलेले पैसे कापले गेले आणि तिथं पोचले नाहीत तर मुदत फक्त एका दिवसाची आहे. ही भरपाई बहुतेकांना माहीतच नसल्यानं कुणी मागत नाही.

विम्याचे हप्ते मे-जूनच्या सुमारास कापले जातात. जीवनज्योतीचे (पीएमजेजेबीवाय) ४३६, सुरक्षेचे (पीएमएसबीवाय) २०. तुम्ही संमती दिलीच नसेल तर सही केलेल्या संमतीपत्राची प्रत मागा. जीवनज्योतीत पन्नाशी उलटल्यावर नव्यानं नाव घालता येत नाही, तेव्हा साठीच्या आईच्या खात्यातून पहिल्यांदाच ४३६ गेले असतील तर ती सरळ चूक आहे. पण एक कळकळीनं सांगतो. घरातलं कुणी वारलं असेल आणि त्याच्या पासबुकात हे ४३६ कापलेले दिसले, तर ते परत मागू नका. त्या हप्त्यावर वारसाला २ लाख रुपये मिळतात. आधी त्याचा दावा करा.

पीककर्ज घेतलेल्यांनी एवढं बघावं: ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जावर प्रोसेसिंग, कागदपत्रं, पाहणी असले आकार माफ करायला इंडियन बँक्स असोसिएशननं फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना कळवलं आहे. तसंच थकबाकीवरचा दंड मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावणं रिझर्व्ह बँकेनं बंद केलं आहे.

तिसरं काम: अर्ज, आणि त्यावर पोच

तोंडी विचारलं की "सिस्टीमनं कापलंय, आमच्या हातात नाही" हे उत्तर मिळतं. काकूंनाही हेच सांगितलं होतं. काउंटरवरच्या माणसाशी भांडून उपयोग नाही, तोही शंभर माणसांच्या रांगेला तोंड देत असतो. अर्ज द्या. मराठीतच द्या. आमचा अर्ज असा होता:

"प्रति, शाखाधिकारी. विषय: बचत खात्यातून कापलेला किमान शिलकीचा दंड परत मिळणेबाबत. महोदय, माझ्या खात्यातून सोबतच्या पासबुक प्रतीत खूण केलेल्या पाच तारखांना प्रत्येकी १७७ रुपये, एकूण ८८५ रुपये कापले आहेत. कापण्यापूर्वी मला मेसेज किंवा पत्र मिळालेले नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आधी कळवून शिल्लक भरण्यासाठी एक महिन्याची मुदत देणे आवश्यक आहे. तरी ही रक्कम जीएसटीसह माझ्या खात्यात जमा करावी. मला कळवले असल्यास कोणत्या तारखेला व कोणत्या मोबाईल नंबरवर कळवले ते लेखी द्यावे. आपली विश्वासू."

खाली नाव, खाते क्रमांक, मोबाईल नंबर, तारीख, सही किंवा अंगठा. यात कुठंही राग नाही, विशेषणं नाहीत. 'मला कळवले असल्यास' हे वाक्य मात्र गाळू नका, कारण ते वाचल्यावर बँकेला नोंदी उघडून बघाव्याच लागतात.

अर्जाच्या दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. ही पोच नसेल तर अर्ज दिला आणि न दिला सारखंच. कारण पुढचे सगळे दिवस या तारखेपासून मोजले जातात. पोच द्यायला कुणी टाळाटाळ केली तर वाद घालत बसू नका. पोस्टात जा, तोच अर्ज रजिस्टर्ड पोस्टानं पाठवा आणि पावती पासबुकाला टाचून ठेवा. मोबाईलवर बँकेचं ॲप असेल तर तिथंही तक्रार नोंदवता येते, तिचा क्रमांक लिहून ठेवा. ऊसतोडीवर असलेल्या माणसाला तर हाच मार्ग सोयीचा.

चौथं काम: तीस दिवस

बँकेला उत्तर द्यायला ३० दिवस द्यायचे. मधल्या काळात दर आठवड्याला चकरा मारून मजुरी बुडवू नका. पंधराएक दिवसांनी एकदा फोन करा, पुरे.

काकूंच्या खात्यात २३ व्या दिवशी ६०० रुपये आले. पाचपैकी एकाच दंडाआधीचा मेसेज बँकेला दाखवता आला, बाकी चारांचा नाही. म्हणून चार वेळचे दीडशे परत. पाचवा दंड आम्ही सोडून दिला. मेसेज गेला होता, काकूंनी पाहिला नव्हता, तो बँकेचा दोष नव्हे. पण चार वेळचा जीएसटी, १०८ रुपये, आला नव्हता. मूळ आकारच चुकीचा ठरला तर त्यावरचा कर आपण का सोसायचा? दुसरा अर्ज दिला, पुन्हा पोच घेतली, आणि तेही जमा झाले.

पाचवं काम: लोकपाल

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडं जायचं. १२ नोव्हेंबर २०२१ पासून सगळ्या देशासाठी ही एकच योजना आहे, त्यामुळे मुंबईला जावं लागत नाही. फी नाही. वकिलामार्फत दिलेली तक्रार तिथं चालत नाही. मात्र आईच्या वतीनं मुलगा अधिकारपत्र जोडून तक्रार करू शकतो.

रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर तक्रारींचं सीएमएस पोर्टल आहे. तिथं बँकेला दिलेल्या अर्जाची तारीख विचारतात आणि पोच जोडायला सांगतात. बँकेकडं न जाता थेट इथं आलात तर तक्रार परत जाते. ऑनलाइन जमत नसेल तर साध्या कागदावर मराठीत लिहून पोस्टानं पाठवा: केंद्रीकृत प्राप्ती व प्रक्रिया केंद्र, भारतीय रिझर्व्ह बँक, चौथा मजला, सेक्टर १७, चंदीगड १६००१७. अडलं तर १४४४८ हा टोल फ्री नंबर आहे, तिथं मराठीत बोलता येतं. लोकपालाकडं जायलाही मुदत असते, म्हणून बँकेचं उत्तर आल्यावर किंवा तीस दिवस संपल्यावर रेंगाळू नका.

ग्रामीण बँकेची तक्रारही इथंच चालते. जिल्हा मध्यवर्ती बँका पूर्वी या योजनेत नव्हत्या, त्या १ नोव्हेंबर २०२५ पासून आल्या. पतसंस्था मात्र बँक नव्हे. तिच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो, तक्रार लोकपालाकडं नाही तर सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करावी लागते.

लोकपालाकडंही समाधान झालं नाही तर आपल्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची. पण दीडदोनशे रुपयांसाठी तारखांना जाण्यात त्याहून जास्त एसटीला जातील, तेव्हा रक्कम मोठी असेल तरच हा मार्ग धरा. लोकपाल आणि आयोग दोन्हीकडं एकाच वेळी मात्र जाऊ नका.

पैसे आल्यावर

दोन गोष्टी त्याच आठवड्यात करून टाका. खात्याला सध्या चालू असलेला मोबाईल नंबर जोडा, कारण जुन्या नंबरवर मेसेज गेला तर पुढच्या वेळी तुमची बाजू उरत नाही. आणि खात्यात सतत शिल्लक राहणार नसेल तर ते मूळ बचत ठेव खात्यात बदलून मागा. किमान शिलकीची अट नाही, एटीएम कार्ड मोफत, महिन्याला निदान चार वेळा पैसे मोफत काढता येतात. त्याच बँकेत दुसरं बचत खातं मात्र ठेवता येत नाही.

काकूंचं खातं आम्ही असंच बदलून घेतलं. पुढच्या दिवाळीनंतर त्या पुन्हा कोयत्यावर गेल्या. पाडव्याला पासबुक भरून आणलं तेव्हा त्यात फक्त व्याजाच्या नोंदी होत्या.