हत्यारांवर किती पैसे घालायचे? घरच्या सुतारकामाचा हिशोब

पुण्यात हत्यारांच्या दुकानांच्या बोहरी आळीत 'नुसतं बघायला' गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येत नाही. तीन वर्षांपूर्वी मी पडद्याच्या रॉडसाठी स्क्रू आणायला गेलो होतो आणि राउटर (लाकडाच्या कडांना आकार देणारं मशीन) घेऊन घरी आलो. एका फळीची कड गोल केली, घरभर भुसा झाला, आणि त्यानंतर ते मशीन खोक्यातच आहे. म्हणून पहिली गोष्ट, आकडा घरी बसून ठरवायचा. दुकानात उभं राहिल्यावर तो ठरत नसतो.

आधी कागद घ्या आणि पुढच्या वर्षभरात खरोखर करायची कामं लिहा. चपलांचं कपाट, स्वयंपाकघरात दोन फळ्या, गॅलरीत बसायला बाकडं, असं नेमकं. 'कधीतरी पलंग करू' हे दुसऱ्या कागदावर लिहा. त्या कागदासाठी यंदा एक रुपयाही काढायचा नाही.

मग पहिल्या कागदावरच्या कामांची मजुरी एखाद्या मिस्त्रीला विचारा. सामान वेगळं, फक्त मजुरी. समजा त्याने 9,000 रुपये सांगितले, तर हत्यारांची मर्यादा 4,500. निम्मेच का? कारण पहिल्या वेळी आपण एखादा प्लाय उलटा कापणारच, आणि त्याचे पैसे याच बचतीतून जाणार. आपले चार रविवारही जाणार, पण ते हिशोबात धरले तर कोणी सुतारकाम करणारच नाही.

आता प्रत्येक हत्याराच्या किमतीला पुढच्या दोन वर्षांतल्या वापरांनी भागा. 2,400 रुपयांचं इम्पॅक्ट ड्रिल (फिरता फिरता ठोकेही देणारं ड्रिल) 30 वेळा लागणार असेल, तर एका वेळेला 80 रुपये पडले. घ्या. सर्क्युलर सॉ, म्हणजे गोल पात्याची विजेची करवत, 4,500 ला मिळतोय आणि दोनच प्लाय कापायचे आहेत, तर एका प्लायला 2,250 रुपये! त्यापेक्षा मापाची यादी घेऊन भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये जा आणि कापून देणारा दुकानदार गाठा. यात आणखी एक फायदा आहे. 18 मिलिमीटरचा 8 बाय 4 चा अखंड प्लाय 30 किलोच्या आसपास भरतो आणि सोसायटीच्या लिफ्टमध्ये बहुधा मावतच नाही. तुकडे मावतात.

ड्रिल घेण्याआधी भिंतीकडे बघा. जुन्या इमारतीतल्या विटांच्या भिंतीला साधं इम्पॅक्ट ड्रिल पुरतं. नव्या टॉवरमध्ये मात्र बऱ्याचदा सगळ्या भिंती काँक्रीटच्या असतात. तिथे हेच ड्रिल नुसतं किंचाळतं, बिट तापून निळं पडतं आणि भोक अर्धा इंचही जात नाही. तिथे रोटरी हॅमर, म्हणजे जास्त जोराने ठोके देणारं मशीन, लागतो. तो महाग आणि जड असतो, आणि घर लावून झालं की पडून राहतो. म्हणून सगळी भोकं एकदाच पेन्सिलने आखून ठेवा आणि मशीन एका दिवसासाठी भाड्याने आणा. (दुपारी एक ते चार सोडून. खालच्या मजल्यावरचे काका वर येतील.)

4,500 ची वाटणी मी अशी करेन. ड्रिल 2,400. भिंतीचे, लाकडाचे आणि स्क्रूचे बिट 500. दोन क्लॅम्प 400. गुण्या (काटकोन आखायचं आणि तपासायचं साधन) आणि टेप 350. हातकरवत 350. गॉगल आणि मास्क 250. उरलेले 250 पॉलिश पेपरला. भाव दुकानागणिक बदलतील, पण मशीन निम्म्याच्या आसपास राहू द्या. पुष्कळ लोक सगळे पैसे मशीनवर घालतात आणि मग कपाट वाकडं झालं की मशीनला नावं ठेवतात. स्वस्त ड्रिलने पडलेलं भोक भोकच असतं. गुण्या जरासा चुकीचा असला तर मात्र चारही कोपरे चुकतात. घेतानाच तपासा: फळीच्या सरळ कडेला लावून रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच जागी पुन्हा मारा. दोन रेघा एकावर एक आल्या पाहिजेत.

बॅटरीवरची मशीनं हातात घेतली की मोह होतोच. पण एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बसत नाही, त्यामुळे पहिलं मशीन घेताना पुढची तीन कुठली घेणार तेही ठरून जातं. घरात प्लग हाताशी असताना वायरवालं मशीन बरं.

पटाशी (लाकूड तासायची छिन्नी), रंधा, शिकंजा (लाकूड घट्ट धरून ठेवणारा) या गोष्टी रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात शोधा. जुन्या पटाशीचा गंज घासून जातो, धार लावता येते. शिकंज्याचा स्क्रू पूर्ण फिरवून बघा. विजेचं काही मात्र तिथून घेऊ नका. चालू करून दाखवलं तरी नको.

आणि खंडेनवमीला हत्यारं पूजेला काढाल तेव्हा हळदकुंकू वाहताना बघून घ्या, वर्षभर हात न लागलेलं काय काय आहे. ते सोसायटीच्या ग्रुपवर विकायला टाका आणि आलेले पैसे पुढच्या वर्षीच्या मर्यादेत धरा. माझा राउटर मी गेल्या वर्षीपासून टाकतोय. 'कशाला लागतो हो तो?' असं विचारणारे सहा जण भेटले, गिऱ्हाईक अजून नाही.