“ठीक आहे जी”च्या पलीकडे: लिव्हरच्या जुनाट आजारात रोजचं जगणं कसं मोजायचं

बाबांना सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन आकसण्याचा आजार, असल्याचं कळल्यावर पहिलं वर्षभर ओपीडीत दर वेळी तेच व्हायचं. डॉक्टर विचारायचे, “कसं काय, काका?” बाबा म्हणायचे, “ठीक आहे जी.” आणि आई मागे उभी राहून नाही-नाही अशी मान हलवायची. घरी ते रात्री पायात गोळे येऊन उठायचे, दुपारी जेवता जेवता पेंगायचे. फाइलवर मात्र “ठीक” एवढंच.

रक्ततपासणीतल्या बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर या आकड्यांवरून लिव्हर किती काम करतंय ते कळतं. माणूस दिवस कसा काढतोय ते त्यात दिसत नाही. थकव्याचं तर रिपोर्टशी फारसं जमतच नाही. रिपोर्ट बरे असतानाही तो माणसाला खाटेवर बसवून ठेवतो. म्हणून जगणं वेगळं मोजायचं.

त्यासाठी ‘क्रॉनिक लिव्हर डिसीज क्वेश्चनेअर’, म्हणजे सीएलडीक्यू, ही प्रश्नावली 1999 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात 29 प्रश्न आणि सहा गट आहेत: पोटाच्या तक्रारी (3), थकवा (5), अंगदुखी, गोळे, खाज, धाप, तोंडाला कोरड (5), खाणं आणि वजन उचलणं (3), मन आणि झोप (8), चिंता (5). कुठल्याही आजाराला चालणारी एसएफ-36 ही प्रश्नावलीसुद्धा आहे, पण ती खाजेबद्दल विचारत नाही, आणि “लिव्हर बदलायची वेळ आली तर मिळेल का?” ही भीतीही विचारत नाही. सीएलडीक्यू दोन्ही विचारते. तपासून घेतलेली मराठी प्रत आहे का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. खाली सांगते ती त्याच सहा गटांवर बेतलेली घरची वही आहे. तिच्यावरून आजाराचं निदान करायचं नाही.

वही आखा. शाळेची दोनशेपानी वही पुरे. डावीकडे प्रश्न, उजवीकडे तारखांचे रकाने. प्रत्येक प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दल असतो. उत्तर 1 ते 7: 1 म्हणजे त्रास सतत, 7 म्हणजे अजिबात नाही. आकडा मोठा तितकं बरं. आम्ही पहिल्यांदा नेमकं उलटं धरलं होतं, म्हणून पानाच्या माथ्यावर ठळक लिहून ठेवा.

वेळ ठरवा. महिन्यातून एकदा, शक्यतो ओपीडीच्या आदल्या दिवशी, सकाळी चहानंतर, डोकं ताजं असताना. घरात पाहुणे असताना नको.

उत्तर पेशंटचंच घ्या. सगळ्यात जास्त चूक इथे होते. आई बाबांच्या वतीने उत्तर द्यायची आणि तिचे आकडे नेहमी बाबांपेक्षा खाली असायचे. तिला दिसतं ते खोटं नाही, पण ते तिचं आहे. तिच्यासाठी वेगळं पान ठेवलं. आकडा पाहून “असं कसं, कालच तर तुम्ही…” म्हणायचं नाही. एकदा म्हटलं की पुढच्या महिन्यात सगळीकडे 7 येतात.

प्रश्न रोजच्या कामावर आणा. “अशक्तपणा वाटतो का?” याला बाबांचं उत्तर ठरलेलं. “कूलरमध्ये पाणी टाकायला बादली उचलता का?” विचारलं तेव्हा ते थांबले, हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, “अर्धी.” पोट फुगतं का, याऐवजी पायजम्याची नाडी आधीपेक्षा सैल बांधावी लागते का, असं विचारा. खाण्याच्या पथ्याचा जाच किती, हे विचारताना रविवारच्या तर्री-पोह्यांचं नाव काढा. पोटात पाणी झालेल्यांना मीठ दिवसाला साधारण 5 ग्रॅमवर आणायला सांगतात. नागपुरी जिभेला ते किती जड जातं हे त्याच प्रश्नातून बाहेर येतं.

चिंतेचे प्रश्न शेवटी ठेवा आणि घाई करू नका. “माझ्यामुळे घरच्यांचे हाल होतात का” हे बाबा भिंतीकडे पाहत बोलले. त्या दिवशी मी आकडा विचारलाच नाही, दुसऱ्या दिवशी लिहिला.

हिशोब करा. गटातल्या उत्तरांची बेरीज भागिले प्रश्नांची संख्या. थकव्यात 3, 2, 4, 3, 3 आले तर बेरीज 15, सरासरी 3. असे सहा आकडे आले की त्यांची बेरीज करून सहाने भागा. सगळ्या 29 उत्तरांची एकदम सरासरी काढू नका, नाहीतर आठ प्रश्नांचा गट तीन प्रश्नांच्या गटाला झाकून टाकतो. एकूण आकड्यापेक्षा मी गटांकडेच जास्त पाहते. साधारण अर्ध्या गुणाचा फरक पडला तर तो लक्षात घेण्याजोगा धरतात. शेजारी एक ओळ टिपणाची: मे महिना, 45 अंश ऊन, लग्नघर, नवी गोळी सुरू. नागपूरच्या उन्हाळ्यात धडधाकट माणूसही गळतो, ते सगळं लिव्हरच्या खात्यावर टाकू नका.

वही कधी बाजूला ठेवायची. दिवसा झोप आणि रात्री जागरण, बोलण्यात गोंधळ, पुढे धरलेले पंजे पंखांसारखे फडफडणं, ही मेंदूवर परिणाम होत असल्याची लक्षणं असतात. अशा वेळी मिळालेल्या उत्तरांवर भरवसा ठेवता येत नाही. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, पोटात पाणी असताना ताप किंवा पोटदुखी, माणूस नीट जागा न होणं, यांपैकी काहीही दिसलं तर नागपुरातली मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा जे जवळ असेल तिथल्या कॅज्युअल्टीत न्या.

डॉक्टरांपुढे चिठ्ठी ठेवा. गर्दीच्या ओपीडीत अख्खी वही कोणी वाचणार नाही. सगळ्यात खाली घसरलेले दोन-तीन प्रश्न, मागच्या महिन्याचा आकडा आणि या महिन्याचा, एवढंच मोठ्या अक्षरात लिहा. बाबांच्या चिठ्ठीवर पहिली ओळ होती: “रात्री पायात गोळे, आधी 5, आता 2.” डॉक्टरांनी ती वाचून लघवीच्या गोळ्यांचा डोस पुन्हा पाहिला आणि सोडियम-पोटॅशियमची तपासणी लिहून दिली.