व्हिक्टोरियन फर्निचरवरची नक्षी कशी ओळखायची

व्हिक्टोरिया राणी १८३७ ते १९०१ गादीवर होती, आणि तेवढ्या काळात इंग्लंडमध्ये कितीतरी जुन्या स्टाइल्स परत फॅशनमध्ये आल्या, त्यामुळे नुसतं ‘व्हिक्टोरियन’ लेबल वाचून काहीच कळत नाही, नक्षी बघावी लागते.

आधी लांबून बघा. टोकदार कमानी, तीन-चार पाकळ्यांच्या खिडक्यांसारखे आकार, दारावर कापडाच्या उभ्या घड्या कोरल्यासारखं काम दिसलं की ते गॉथिक, प्युजिन या डिझायनरने लंडनच्या पार्लमेंटचं इंटिरिअर याच स्टाइलमध्ये केलंय. वळणदार पाय, इंग्रजी सी आणि एससारखी वळणं, गुलाब, द्राक्षांचे घड असतील तर रोकोको, बैठकीच्या खोलीतल्या सोफा-खुर्च्यांवर जास्त करून हेच. चामड्याच्या पट्ट्या एकमेकांत गुंफल्यासारखी सपाट नक्षी एलिझाबेथन, आणि सूर्यफूल दिसलं तर बहुतेक १८७० नंतरचं. अ‍ॅकँथस या झुडपाचं कातरलेलं, टोकाशी वळलेलं पान मात्र सगळीकडेच असतं, त्यावरून काही ठरवू नका.

आता जवळ जा, टॉर्च बाजूने तिरकी धरा आणि पानांच्या मधली खोलगट जागा बघा, खरी गंमत तिथेच आहे. हाताने केलेलं असेल तर पटाशीचे बारीक चरे दिसतात, डावं-उजवं पान थोडं तरी वेगळं असतं, पानाची कड खालून पोखरलेली असते म्हणजे बोट आत जातं. सगळी पानं हुबेहूब एकसारखी आणि खोबणीचे कोपरे गोलसर असतील तर मशीनची शक्यता जास्त. जॉर्डन नावाच्या माणसाने १८४५ मध्ये कोरीवकामाच्या मशीनचं पेटंट घेतलं, एका नमुन्यावरून एकावेळी अनेक कॉपी निघायच्या, पार्लमेंटच्या लाकूडकामातही ते वापरलंय. पण शेवटचा हात कारागीरच फिरवायचा, म्हणून मशीनचं म्हणजे हलकं असं मी तरी मानत नाही. नक्षीच्या कडेला सांध्याची रेघ दिसते का तेही बघा, वेगळी कोरून वरून चिकटवलेली नक्षी भरपूर सापडते.

हाताचं काम कुठपर्यंत जाऊ शकतं ते बघायचं तर केनिलवर्थ बुफेचे (बुफे म्हणजे जेवणाच्या खोलीत ठेवायचं मोठं कपाट) फोटो शोधा, १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनासाठी इंग्लंडमधल्या वॉरिक गावच्या कारागिरांनी ओकच्या लाकडात केलेला, पहिल्या एलिझाबेथ राणीची १५७५ ची केनिलवर्थ किल्ल्याची भेट त्यावर माणसा-घोड्यांसकट कोरलीय, मला तर त्याच्यापुढे बाकी सगळं फिकं वाटतं!

आपल्याकडे मुंबईतही एकोणिसाव्या शतकात असं फर्निचर बनायचं, आकार इंग्लिश पण लाकूड शिसवी आणि आरपार जाळीसारखी गच्च वेलबुट्टी, म्हणून घरात जुनी काळीभोर कोरीव खुर्ची असेल तर तीही याच पद्धतीने तपासा, आणि धूळ काढायला कोरडा मऊ ब्रश घ्या, ओलं फडकं किंवा सॅंडपेपर अजिबात नको, पटाशीचे चरे घासून गेले की परत येत नाहीत.