दगडात कोरल्यासारखी अक्षरे फोटोशॉपमध्ये

कोरीव अक्षराचा आभास रंगातून नव्हे, तर उजेड आणि सावलीतून निर्माण होतो. उजेड वरून येत असेल, तर खोदलेल्या अक्षराच्या वरच्या कडेची सावली आत पडते आणि खालची कड उजळते, एवढे ध्यानात ठेवले की पुढचे काम सोपे होते.

दगडाच्या किंवा लाकडाच्या पोतावर जाड ठशाच्या फॉन्टमध्ये मजकूर लिहावा. नाजूक वळणांच्या फॉन्टमध्ये मात्रा आणि वेलांट्या सावलीत बुडून जातात, म्हणून तो टाळलेलाच बरा. मग लेयर्स पॅनेलमधील ‘फिल’ ० टक्के करावे, म्हणजे अक्षराचा स्वतःचा रंग नाहीसा होऊन पोत दिसतो, पण त्याला दिलेल्या सावल्या तशाच राहतात. ‘ओपॅसिटी’ला (संपूर्ण लेयरच्या अपारदर्शकतेला) हात लावू नये, कारण ती कमी केल्यास सावल्याही पुसट होतात.

आता लेयर स्टाइलमध्ये (लेयरला सावलीसारखे परिणाम देण्याच्या खिडकीत) ‘इनर शॅडो’ म्हणजे अक्षराच्या आत पडणारी सावली निवडून रंग काळा, ब्लेंड मोड (रंग खालच्या चित्रात मिसळण्याची पद्धत) ‘मल्टिप्लाय’, कोन ९० अंश, अंतर ३ आणि आकार ५ पिक्सेल ठेवावा. त्यानंतर ‘ड्रॉप शॅडो’ म्हणजे अक्षराच्या बाहेर पडणारी सावली घ्यावी, मात्र तिचा रंग पांढरा, मोड ‘स्क्रीन’, कोन तोच आणि अंतर अवघे १ पिक्सेल असावे. ही बारीक उजळ रेघच अक्षराला खरी खोली देते. चित्र मोठे असल्यास हे आकडे त्या प्रमाणात वाढवावेत.