मिरगाआधी जळण हलवायचंय? हातगाडा करताना आधी चाक बघा

वळवाची पहिली सर पडून गेली की परड्यात पसरलेलं जळण आठवतं. मृग निघतो ७-८ जूनला, म्हणजे हाताशी राहतात मे अखेरचे थोडे दिवस. पाटण, जावळी, शिराळ्याच्या बाजूला एकदा पाऊस लागला की गणपतीपर्यंत ऊन दिसेल तेवढंच. माण-आटपाडीकडं इतकी घाई नसते, पण ओली बाभूळ तिथंही चुलीत धुमसतेच. अजून पुष्कळ घरांत हे सगळं डोक्यावरच्या भाऱ्यांनी पडवीत येतं, आणि भारे वाहते घरातली बाई. यंदा हातगाडा करून घ्यायचं मनात असेल तर वेल्डरकडं जाण्याआधी हे वाचा.

बहुतेक जण साट्याचं, म्हणजे ओझं भरायच्या खोक्याचं, माप घेऊन जातात, चाकं वेल्डरकडं पडलेली असतील ती बसतात. मीही तसंच केलं होतं. पहिला गाडा जुन्या सायकलच्या चाकांवर केला. रिकामा असताना पोरं त्यात बसून पळवायची. तिसऱ्या दिवशी ओंडके भरून गोठ्याच्या कोपऱ्यावर वळवला आणि डावं चाक पापडासारखं वाकलं. सायकल वळताना कलते, म्हणून तारांवर भार उभाच राहतो. गाडा कलत नाही, त्यामुळं वळताना सगळा रेटा चाकाला आडवा बसतो.

आता माझ्या गाड्याला जुन्या स्कूटरची १० इंची चाकं आहेत. ३.५०-१० मापाचा टायर साडेतीन इंच रुंद आणि उभा साधारण १७ इंच भरतो. कृष्णाकाठच्या काळ्या रानात वळवानंतर बारीक चाक चिरत खाली जातं, हे निदान वर राहतं. चाक आणि साट्यात तीन बोटं फट मात्र सोडा, नाहीतर चिखल भरून चाक जाम होतं आणि गाडा फरफटत ओढावा लागतो.

बाभळीचं जळण आणि हवेची ट्यूब यांचं वैर आहे. काटा टायरमध्ये मोडतो, बाहेरून दिसत नाही. पंक्चर काढून आणलं की दुसऱ्या दिवशी चाक पुन्हा बसलेलं. टायर उघडल्यावर आतून जुनं सुती फडकं फिरवा, ते जिथं अडकेल तिथं काट्याचं टोक असतं. पक्कडीनं ओढून काढा. अंगण फरशीचं आणि सपाट असेल तर भरीव रबरी चाक बरं. बांधावरून, दगडगोट्यातून यायचं असेल तर भरीव चाकाचे हिसके खांद्यापर्यंत येतात. तिथं हवेचंच घ्या आणि ट्यूबमध्ये पंक्चरचं जेल भरून ठेवा.

बांधकामावरची एकचाकी गाडी अरुंद वाटेला चांगली, पण तिच्यात ओझ्याचा वाटा हातावर येतो. चाकापासून ओझ्याचा मध्य दीड फुटावर आणि मुठी साडेचार फुटांवर असतील, तर ९० किलोतले ३० किलो तुमच्या हातात. वर तोल सांभाळायचा तो वेगळाच. घरच्या बाईला, म्हाताऱ्याला दोनचाकीच द्या. चार चाकांची ट्रॉली गोडाऊनला ठीक, चिखलात तिचा उपयोग नाही.

साटा मोठा करण्याचा मोह आवरा. ३ फूट लांब, २ फूट रुंद, दीड फूट खोल साट्यात वाळलेली बाभूळ रचून भरली की सव्वाशे किलोच्या घरात जाते, ओली असेल तर त्याहून बरीच जास्त. तासगाव भागात द्राक्षबागेतल्या एप्रिलच्या खरड छाटणीच्या काड्या वाहायच्या असतील तर गोष्ट वेगळी, त्या हलक्या आणि फुगीर. त्यासाठी बैलगाडीसारख्या काढघालीच्या खुंट्या चार कोपऱ्यांवर बसवा. तळ पत्र्याचाच करा, म्हणजे जळण संपल्यावर शेण उकिरड्यावर न्यायलाही गाडा चालतो.

बोळाची आणि पडवीच्या दाराची रुंदी टेपनं मोजून न्या. साटा दोन फुटी म्हटलं तरी चाकं आणि कण्याची (चाकांमधल्या दांडीची) टोकं धरून गाडा तीन फुटांवर जातो. आमच्या एका पाहुण्याचा गाडा म्हणून कायम घराबाहेरच असतो.

वेल्डरला सवयीनं जाड अँगल लावायचा असतो. ४०×४०×५ मिलिमीटरचा अँगल मीटरला ३ किलो, २५×२५×३ चा जेमतेम ११०० ग्रॅम. दहा मीटर लागला तर १९ किलोचा फरक, आणि तो रोज रिकामाही ओढायचा. कण्याखाली जाड, वरती बारीक, एवढं पुरे. २० मिलिमीटरच्या कण्याला ६२०४ नंबरचं बेअरिंग बसतं, कुठंही मिळतं.

कणा साट्याच्या मधोमध नको, दांड्यापासून लांब चार बोटं सरकवा. भरल्यावर दांड्यावर थोडा दाब यायला हवा. गाडी उलाळ झाली, म्हणजे मागं भार जाऊन पुढून उचलली, की काय होतं, हे बैलगाडी हाकलेल्याला सांगायला नको. उतारावर गाडा कायम तुमच्या खालच्या अंगाला ठेवा: चढताना पुढून ओढा, उतरताना मागून धरून सोडा. पाटणकडच्या वाड्यांत हे विसरून चालणार नाही.

ढिगातलं लाकूड उचलण्याआधी काठीनं हलवा. या दिवसांत खाली विंचू, फुरसं असतं.

रंग देण्याची घाई करू नका. कच्चा गाडा घरी आणा, भरा, आणि जी रोज ढकलणार आहे तिला बोळातून दोन फेऱ्या मारायला सांगा. आमच्याकडं दांडा माझ्या मापानं केला होता. दुसऱ्याच फेरीत बायको म्हणाली, "हा तुमच्यासाठी केलाय की माझ्यासाठी?" तीन इंच खाली घेतला आणि मग रेडऑक्साइड मारला.