रुग्णवाहिकेवर नव्याने रुजू होताना: पहिल्या शिफ्टपासूनची कामाची पद्धत

रुग्णवाहिकेवर नव्याने येणाऱ्याचे लक्ष अपघात, हृदयविकार, वाटेतली प्रसूती अशा प्रसंगांकडे लागलेले असते. परंतु त्या प्रसंगी काय जमेल, हे बरेचसे कॉल येण्यापूर्वीच ठरलेले असते. महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झालेल्या १०८ सेवेच्या गाडीवर साधारणपणे एक डॉक्टर आणि एक पायलट, म्हणजे चालक, एवढीच माणसे असतात. त्यामुळे विसरलेली वस्तू आणून द्यायला तिसरे कोणी नसते. खासगी रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्यांनाही पुढील क्रम उपयोगी पडेल.

रुजू होण्यापूर्वी हिपॅटायटिस बी (रक्तातून पसरणारी काविळीची लागण) या आजारावरील लस सुरू करावी. तिचे तीन डोस पूर्ण होण्यास सहा महिने लागतात, म्हणून ती पुढे ढकलू नये.

शिफ्ट ताब्यात घेताना सर्वप्रथम ऑक्सिजन पाहावा, आणि ‘सिलिंडर आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. बी टाइपच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर वायू असतो. काटा निम्म्यावर असेल तर ७५० लिटर उरले, आणि मिनिटाला १० लिटर या वेगाने ते जेमतेम ७५ मिनिटे पुरतील. शहरात एवढे पुष्कळ झाले. मात्र मेळघाटातील धारणीहून अमरावतीला रुग्ण हलवायचा असेल, तर घाटरस्त्याने तीन तास सहज जातात. हा हिशेब निघण्यापूर्वी कागदावर करावा आणि त्यात वाहतूक कोंडीसाठी वेळ धरावा. त्यानंतर सक्शन यंत्र (तोंडा-घशातील स्राव ओढून काढणारे) चालू करून पाहावे, लॅरिंगोस्कोपचा (श्वासनळीत नळी घालताना घसा पाहण्याच्या उपकरणाचा) दिवा लावून पाहावा, अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबून पाहावी, ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची मुदत तपासावी. कप्प्यांतील सामान एकदा स्वतःच्या हाताने काढून पुन्हा लावले, तर रात्री हलत्या गाडीत हात आपोआप योग्य कप्प्याकडे जातो. नुसती यादी वाचून तसे होत नाही.

घटनास्थळी पोहोचल्यावर आधी स्वतःची सुरक्षितता पाहावी. महामार्गावर पोलीस येण्यापूर्वी पोहोचल्यास गाडी अपघातस्थळाच्या अलीकडे, मागून येणाऱ्या वाहनांना दिवे लांबून दिसतील अशी उभी करावी. विजेची तार पडलेली असल्यास महावितरणने पुरवठा बंद केल्याची खात्री होईपर्यंत पुढे जाऊ नये, जमलेले लोक कितीही घाई करोत.

रुग्ण उचलण्याचे तंत्र मात्र सावकाश शिकावे, कारण या कामात पाठीची दुखणी फार आढळतात. डोक्याच्या बाजूला उभ्या असलेल्या व्यक्तीनेच ‘एक, दोन, तीन’ म्हणावे आणि सर्वांनी तिसऱ्या आकड्यावर, गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून उचलावे. जिन्यावरून उतरताना रुग्णाचे पाय पुढे ठेवावेत. मदतीला आलेल्या शेजाऱ्यांना नेमके कुठे धरायचे ते आधी सांगावे, कारण उत्साहाने हातापायांना धरून ओढणारी माणसे जवळपास प्रत्येक ठिकाणी भेटतात.

हृदय बंद पडलेल्या रुग्णाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रौढांमध्ये ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायची असते, आणि दाबणारी व्यक्ती दर दोन मिनिटांनी बदलायची असते. हलत्या गाडीत हे नीट साधत नाही. त्यामुळे जागेवरच किती वेळ प्रयत्न करायचा आणि केव्हा निघायचे, याचा निर्णय ज्येष्ठ सहकाऱ्यावर सोपवावा. नातेवाइकांपैकी शक्यतो एकालाच सोबत घ्यावे, बसवून पट्टा लावावा, आणि ‘वाचेल ना?’ या प्रश्नाला खोटा दिलासा न देता, सध्या काय करत आहोत तेवढेच सांगावे.

कॅज्युअल्टीत रुग्ण सोपवताना क्रम ठरलेला असावा: वय, काय घडले व किती वाजता, काय आढळले, नाडी-रक्तदाब-ऑक्सिजनची नोंद, दिलेले उपचार. अर्ध्या मिनिटात सांगून होईल इतकेच सांगावे आणि वेळेसह लेखी नोंद द्यावी.

वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नये. ती थेट न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकावी. चुकून टोचलीच, तर जागा साबण-पाण्याने धुऊन लगेच वरिष्ठांना कळवावे, कारण एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त ७२ तासांत सुरू व्हावे लागते. स्ट्रेचर पुसून, संपलेले सामान भरून आणि ऑक्सिजनचा काटा पुन्हा पाहूनच गाडी मोकळी झाल्याचे नियंत्रण कक्षाला कळवावे.