क्यूब २८ दिवसांच्या आत पिकत नाही: एम.टेक. सिव्हिलला आलात तर या चुका टाळा

दरवर्षी एप्रिलच्या मध्यावर माझ्या केबिनच्या दारात कुणीतरी उभं असतं. हातात फाइल, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "सर, थोडं बोलायचं होतं." स्ट्रक्चरच्या एम.टेक.चं कोऑर्डिनेटरपद माझ्या गळ्यात पडून आता बरीच वर्षं झाली. त्या "थोडं"च्या पोटात काय आहे ते मला न विचारता कळतं. एकतर क्रेडिट कमी पडताहेत, नाहीतर क्यूब, म्हणजे ताकद तपासायला ओतलेले काँक्रीटचे ठोकळे, अजून पाण्यात आहेत.

क्यूबवाल्यांपासूनच सुरुवात करतो, कारण त्यांनी माझं रक्त जास्त आटवलंय.

कॅलेंडर न पाहता विषय घेणं

काही बॅचमागची गोष्ट. मुलगा हुशार, गेट प्रवेश परीक्षेचा स्कोअर उत्तम. विषयही चांगला घेतला होता: सिमेंटच्या जागी वेगवेगळ्या प्रमाणात फ्लाय ॲश (वीज केंद्रात कोळसा जळून उरणारी बारीक राख) घालून काँक्रीटची ताकद बघायची. तिसरं सेमिस्टर त्याने लिटरेचर रिव्ह्यूत घालवलं. साठ पेपर वाचले, त्यांचे रंगीत तक्ते केले. डिसेंबरात मी विचारलं, "ट्रायल मिक्स कधी?" म्हणाला, "सर, आधी थिअरी पक्की करतो." जानेवारी प्लेसमेंटच्या तयारीत गेला. फेब्रुवारीत त्याला शोध लागला की फ्लाय ॲश किराणा दुकानात मिळत नाही. वीज केंद्राला पत्र द्यावं लागतं, पत्रावर विभागप्रमुखांची सही लागते आणि माल आणायला गाडी लागते. त्यात मार्च उजाडला. पहिल्या ट्रायलला स्लम्प (ओल्या काँक्रीटचा पातळपणा) बसला नाही, दुसऱ्याला सुपरप्लास्टिसायझर (काँक्रीट प्रवाही करणारं रसायन) जास्त झाला. खरं कास्टिंग झालं २२ मार्चला. सबमिशन ३१ मे.

क्यूब ठरलेले दिवस पाण्यात ठेवून मगच फोडतात. आता बोटांवर मोजा. २८ दिवस म्हणजे १९ एप्रिल. ५६ दिवस म्हणजे १७ मे. ९० दिवस म्हणजे २० जून.

फ्लाय ॲशचं काम सावकाशीचं. सिमेंटच्या हायड्रेशनमधून, म्हणजे पाण्याशी होणाऱ्या क्रियेतून, जो कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुटतो, त्याच्याशी तिची क्रिया हळूहळू होते आणि ताकद मागाहून येते. तीस-चाळीस टक्के फ्लाय ॲशचा क्यूब २८ दिवसांना फोडला तर साध्या काँक्रीटपुढे बहुधा उणाच दिसतो. खरी गंमत ५६ आणि ९० दिवसांना. म्हणजे त्याच्या थीसिसचा सगळा जीव ज्या आकड्यात होता, तो आकडा सबमिशननंतर वीस दिवसांनी मिळणार होता. साठ पेपर वाचलेल्या मुलाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्याने ते तारखेशी कधी जुळवलंच नव्हतं.

पुढे १९ एप्रिलला काय झालं? क्यूब दाबून फोडणाऱ्या सीटीएम मशिनच्या पंपातून तेल गळायला लागलं. बी.ई.च्या फायनल इयरचे ग्रुप त्याच आठवड्यात रांगेत. मेकॅनिक सहा दिवसांनी आला आणि २८ दिवसांचे क्यूब ३४ दिवसांना फुटले. तेव्हा हा मला म्हणतो, "सर, फॉर्म्युला लावून २८ दिवसांवर आणू का?" मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग गरम पाण्याच्या प्रवेगक क्युअरिंगची (क्यूब लवकर पिकवायची) कल्पना काढली. आयएस ९०१३ या भारतीय मानकात ती पद्धत आहे, खरं आहे. पण तिच्यावरून पुढच्या ताकदीचा अंदाज बांधायचा तर आपल्याच मालावर आधी सहसंबंध बसवावा लागतो, आणि तो बसवायला पुन्हा नेहमीच्या पाण्यात ठेवलेले क्यूबच लागतात. घाईला शॉर्टकट सापडतो तो नेहमी असा, फिरून त्याच दारात आणणारा.

शेवटी मुदतवाढ घेतली. जादा टर्मची फी भरली. एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) गेट स्कॉलरशिप महिना १२,४०० रुपये, पण ती जास्तीत जास्त २४ महिने. त्यापुढचे महिने घरून पैसे मागवून काढले. नोकरीच्या कंपनीने दोन महिने थांबायचं कबूल केलं, हे त्याचं नशीब.

माझी सवय सांगतो, तिला पद्धत वगैरे म्हणू नका. भिंतीवरच्या कालनिर्णयवर सबमिशनच्या तारखेला लाल गोल करायचा आणि तिथून मागे चालायचं. एक महिना लिखाणाचा आणि गाइडच्या दुरुस्त्यांचा. पंधरा दिवस मशिन बंद पडण्याचे, ते पडतंच. त्याच्या मागे ९० दिवस. ३१ मेपासून मोजलं की बोट संक्रांतीपाशी येऊन थांबतं. तिळगूळ वाटायच्या आधी शेवटचा क्यूब टाकीत गेलेला हवा. म्हणजे ट्रायल मिक्स दिवाळीच्या आसपास, आणि फ्लाय ॲशचं पत्र त्याच्याही आधी.

आणखी एक हिशोब. पाच मिक्स, ७, २८, ५६ आणि ९० दिवस, प्रत्येक वेळी तीन क्यूब. झाले साठ. १५० मिलिमीटरचा एक क्यूब आठ किलोच्या आसपास भरतो, म्हणजे जवळपास अर्धा टन काँक्रीट तुम्हाला कालवायचं, उचलायचं आणि सांभाळायचं आहे. लॅबमध्ये मोकळे मोल्ड (साचे) किती? बारा असतील तर कास्टिंगच्या पाच फेऱ्या. हा प्रश्न मला विचारू नका, लॅबमधल्या मामांना विचारा. कुठला मोल्ड काटकोनात बसत नाही आणि कुठल्या आठवड्यात बी.ई.वाले टाकी अडवणार, हे त्यांना तोंडपाठ असतं. पहिल्या सेमिस्टरला मामांशी नीट बोलणारी मुलं चौथ्या सेमिस्टरला माझ्या दारात दिसत नाहीत.

गाइडपासून लपणं

गाइड निवडताना मुलं दोनच गोष्टी बघतात: सर कडक आहेत का आणि सरांचे पेपर किती. विचारायला हवं ते कुणी विचारत नाही. सर रिटायर कधी होताहेत? पुढच्या वर्षी रजेवर आहेत का? त्यांच्याकडे पीएच.डी.चे किती जण आहेत आणि तुमचा नंबर कितवा लागणार? यात उद्धटपणा काही नाही. सीनियरना चहा पाजलात तर बहुतेक उत्तरं तिथेच मिळतात.

निवड चुकली तरी निभावतं. लपलात तर निभावत नाही. काम पुढे सरकलं नाही म्हणून एक आठवडा भेट टाळली, मग दोन आठवड्यांचं काय सांगायचं म्हणून तिसराही टाळला. कॉरिडॉरमध्ये सर दिसले की जिन्याने खाली. दीड महिन्याने दोघांनाही विषय नीट आठवत नाही. अरे, रिकाम्या हाताने जा! "सर, मॉडेल कन्व्हर्ज होत नाही, पंधरा दिवस तिथेच अडकलोय" हे वाक्यसुद्धा प्रगतीच आहे. पाच मिनिटांत तुमची बाउंडरी कंडिशन चुकलेली निघेल.

दुसरं, तोंडी परवानगीवर विसंबू नका. एकीने गाइडना विचारून विषयाची व्याप्ती बदलली. विचारलं कुठे, तर पार्किंगमध्ये. सर "हो हो, करा" म्हणाले आणि विसरले. थीसिसच्या टप्प्याच्या प्रेझेंटेशनला पॅनेलने सिनॉप्सिस (विषयाचा आराखडा) काढून विचारलं, "हे यात कुठे आहे?" तिने सरांकडे पाहिलं, सरांनी खिडकीबाहेर. तेव्हापासून माझ्या मुलांना मी सांगतो, प्रत्येक भेटीनंतर त्याच संध्याकाळी पाच ओळींची ईमेल टाका: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. व्हॉट्सॲपवरचा अंगठा चालत नाही.

क्रेडिटचं गणित

तुम्हाला लागू होणारा अभ्यासक्रम बहुधा तुमच्या प्रवेशवर्षाचा असतो, सीनियरच्या पीडीएफमधला नव्हे. तो पहिल्या आठवड्यात छापून घ्या आणि कुठली इलेक्टिव्ह फक्त विषम सेमिस्टरला निघते ते पेनाने खूण करून ठेवा. स्ट्रक्चरल डायनॅमिक्स झाल्याशिवाय अर्थक्वेकचं इलेक्टिव्ह घेणारे शूर वीर दरवर्षी दोन-तीन असतात. मिड-सेमनंतर ते शूर राहत नाहीत.

एनपीटीईएलच्या (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या) भरवशावर राहणाऱ्यांनी एवढं ऐका: कोर्सला एनरोल होणं फुकट आहे. परीक्षेची नोंदणी वेगळी, फी वेगळी आणि तिची मुदत कोर्स चालू असतानाच संपते. एकीने बारा आठवड्यांच्या सगळ्या असाइनमेंट नव्वदच्या वर मार्कांनी केल्या आणि परीक्षेचा फॉर्म भरलाच नाही. असाइनमेंटला वजन २५ टक्के, उरलेले ७५ परीक्षेला. क्रेडिट शून्य. कोर्स आपल्या विभागाच्या मंजूर यादीत आहे का, हेही आधी बघा, नंतर नाही.

उरलेलं, थोडक्यात

जी प्लस १५ची (तळमजल्यावर पंधरा मजल्यांची) इमारत, ईटॅब्स सॉफ्टवेअरमध्ये भूकंपाचे झोन तीन आणि झोन पाच, बेस शिअरचे (भूकंपात इमारतीच्या पायाशी येणाऱ्या आडव्या जोराचे) रंगीत बार चार्ट: हा विषय कृपा करून आणू नका. २०१६च्या आयएस १८९३ या भूकंपाच्या मानकात झोन तीनचा गुणक ०.१६ आणि पाचचा ०.३६ आहे. बाकी सगळं तेच ठेवलं तर बेस शिअर सव्वादोनपट येणार, हे कागदाच्या एका ओळीत दिसतं. त्याला दोन वर्षं कशाला?

स्कॉलरशिपचं खातं आधारला जोडलेलं आणि एकट्याच्या नावावरचं असू द्या. बाबांसोबतचं जॉइंट खातं दिलंत की महिनाभर खेपा.

यूजीसीच्या २०१८च्या नियमांत दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं, ४०च्या वर, ६०पर्यंत गेलं तर वर्षभर सबमिशन बंद. शब्द उलटेपालटे करून देणाऱ्या सॉफ्टवेअरने एकाच्या थीसिसमध्ये "डेड लोड"चं "मृत ओझं" केलं होतं. साम्य कमी झालं, व्हायव्हा लांबला.

"तीन दिवसांत पेपर छापून देतो" म्हणणाऱ्या जर्नलला पैसे देण्यापेक्षा तेवढ्याचे मोल्ड विकत घ्या.

आणि बाइंडिंगवाल्याकडे शेवटच्या दिवशी जाऊ नका. गेलात तर छपाईआधी कव्हर दोनदा वाचा. मागच्या वर्षी एकाच्या कव्हरवर "स्ट्रक्चरल"मधला "आर" गळला होता, सोनेरी अक्षरांत, पाचही प्रतींवर.